आजीच्या पाटल्या आणि शेठजींचे शेअर : भांडवलावर कर लावला की विषमता खरंच घटते का?

वहीखातं | धागाकर्ता

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर "श्रीमंतांवर दोन टक्के कर लावा, प्रश्न मिटला" आणि "असा कर लावला की श्रीमंत देश सोडतात, प्रश्न मिटला" अशी दोन्ही बाजूंची मतं वाचली. दोन्हीकडच्यांना प्रश्न इतक्या लवकर मिटल्याचं पाहून हेवा वाटला. तिथे अवांतर नको म्हणून इथे वेगळा धागा काढतोय.

सुरुवात माझ्या आर्टिकलशिपपासून करतो. २००४ साल, सांगली. आमच्या सीए ऑफिसात संपत्ती कराची विवरणपत्रं भरायचं काम नव्या पोराकडे, म्हणजे माझ्याकडे असायचं. फॉर्म 'बीए'. त्या वर्षी दोन फायली एकाच दिवशी टेबलावर आल्या. पहिली एका विधवा काकूंची. राहतं घर, सासूकडून आलेलं सोनं आणि नवऱ्याने शहरात घेऊन ठेवलेला एक मोकळा प्लॉट. राहत्या घराला सूट होती, पण सोनं आणि प्लॉट धरून २२ लाखांच्या आसपास गेलं. तेव्हा मर्यादा १५ लाखांची, म्हणजे वरच्या ७ लाखांवर १ टक्का, ७ हजार रुपये. त्याआधी सरकारमान्य मूल्यांककाकडून दागिन्यांचा दाखला आणायचा, कारण दागिने ५ लाखांच्या वर. काकू डब्यात पाटल्या घेऊन सराफकट्ट्यावर गेल्या, वजन करून आल्या, मूल्यांककाची फी वेगळी भरली.

दुसरी फाईल एका व्यापारी गृहस्थांची. नुसते शेअरच चार कोटींच्या घरात. त्यांचा संपत्ती कर? शून्य. १९९३ पासून शेअर, बँकेतल्या ठेवी, म्युच्युअल फंड सगळं 'उत्पादक' म्हणून या करातून वगळलेलं होतं. राहिलं काय, तर सोनं, मोटारी, शहरातली मोकळी जमीन, जादाचं घर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून शेअरवरचा दीर्घकालीन भांडवली नफाही करमुक्त झाला, बदल्यात एसटीटी, म्हणजे शेअरच्या खरेदी-विक्रीवरचा कर, आला. लाभांश तर त्यांच्या हातात करमुक्तच होता. मी साहेबांना विचारलं, "सर, हा संपत्ती कर नक्की कुणासाठी आहे?" साहेब म्हणाले, "तू फॉर्म भर."

तो प्रश्न डोक्यातून काही गेला नाही. म्हणून जरा मागे जाऊन वाचलं. आपल्याकडे मृत्युकर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, १९५३ साली आली. अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले तेच. मग १९५६ मध्ये केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी भारतासाठी एक अहवाल लिहिला. त्यांची कल्पना मला आजही शहाणपणाची वाटते. आयकर, भांडवली नफ्यावर कर, संपत्ती कर, खर्चावर कर आणि बक्षीस कर, पाचही एकत्र. एका करात लपवलं की दुसऱ्यात उघडं पडतं. शेअर विकले म्हणून दाखवलं तर पैसा कुठे गेला? खर्चात नसेल तर संपत्तीत दिसला पाहिजे, तिथेही नसेल तर कुणाला तरी बक्षीस दिला असणार. शिवाय त्यांची अट होती की आयकराचा सर्वोच्च दर ४५ टक्क्यांवर आणा. आपण काय केलं? पुढचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी १९५७ मध्ये कर घेतले, अट सोडून दिली. उलट १९७३-७४ पर्यंत अधिभार धरून आयकराचा वरचा दर ९७.७५ टक्क्यांवर गेला. खर्च कर आणला, काढला, पुन्हा आणला, १९६६ मध्ये कायमचा गेला. पाच दोऱ्यांचं जाळं, त्यातला एक तोडला आणि मग मासे सापडत नाहीत म्हणून ओरडलो.

मृत्युकराचा दर २० लाखांच्या वरच्या इस्टेटीला ८५ टक्के होता. ऐकून वाटतं की दोन पिढ्यांत सगळे सेठसावकार साफ झाले असतील. १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांनी तो बंद केला तेव्हा अर्थसंकल्पाच्या भाषणातच सांगितलं की उत्पन्न जेमतेम २० कोटी, वसुलीचा खर्च त्यामानाने जास्त, आणि विषमता कमी करण्याचा हेतू काही साधला नाही. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी काढला. २०१३-१४ ची त्याची वसुली होती १,००८ कोटी, म्हणजे देशाच्या प्रत्यक्ष करांच्या पाव टक्काही नाही. त्याऐवजी कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के जादा अधिभार आला.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'भांडवलावर कर' या दोन शब्दांवर भांडण्यात अर्थ नाही. कशाला सूट आहे आणि किंमत कोण ठरवतं, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. दर ही तिसरी गोष्ट. तुम्हाला बाहेरच्या देशांचा अनुभव असेल तर लिहा. परदेशस्थ मंडळी बरीच आहेत इथे.

----

रिकामटेकडी

पहिली! वाचनखूण साठवली आहे. सावकाश वाचून लिहिते.

----

शंकासूर

लेख छान, पण निष्कर्ष सोयीचा काढलाय. "नीट राबवला नाही म्हणून फसला" हे प्रत्येक फसलेल्या गोष्टीबद्दल म्हणता येतं.

१९९० मध्ये ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या बारा देशांत निव्वळ संपत्तीवर कर होता. २०१७ मध्ये चार उरले. २०१८ मध्ये फ्रान्सनेही तो काढून फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला, राहिले नॉर्वे, स्पेन, स्वित्झर्लंड. बाकीचे सगळे काय वेडे होते? स्वीडनसारख्या समाजवादी म्हणवणाऱ्या देशाने २००७ मध्ये संपत्ती कर काढला, वारसा कर तर त्याआधीच. आयकियाचे संस्थापक कॅम्प्राड १९७३ मध्ये स्वीडन सोडून गेले ते २०१४ मध्ये परत आले, चाळीस वर्षांनी! नॉर्वेने २०२२ मध्ये वरचा दर १.१ टक्का केला, त्याच वर्षी तिथल्या सर्वांत मोठ्या उद्योजकांपैकी एक, रोक्के, गाठोडं बांधून स्वित्झर्लंडमध्ये लुगानोला. भांडवलाला पाय असतात, मजुराला नसतात. तुम्ही भांडवलावर कर लावता, भांडवल निघून जातं, कारखाना निघत नाही, आणि शेवटी पगार कुणाचा कमी होतो? त्याच मजुराचा. विषमता घटली की वाढली?

बाकी आजीच्या पाटल्यांचं उदाहरण भावनिक आहे. भावनेवर अर्थसंकल्प चालत नाही.

----

वहीखातं

शंकासूर, पाटल्यांचं उदाहरण भावनिक नाही हो, ७ हजार रुपयांचं आहे. पावती मी स्वतः फाईलला लावली होती. :)

----

आल्प्सपार

शंकासूरांनी ज्या देशाचं नाव दोनदा घेतलं तिथून, म्हणजे स्वित्झर्लंडमधून लिहितोय. चौदा वर्षं झाली इथे.

गंमत बघा, नॉर्वेचे श्रीमंत संपत्ती कराला कंटाळून जिथे पळून येतात तिथेही संपत्ती कर आहे! इथे प्रत्येक कॅन्टन, म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारखा प्रांत, तो घेतो, दर वर्षी, आणि माझ्यासारखा नोकरदारही भरतो. विवरणपत्रात बँकेतली शिल्लक, शेअर, गाडी, सगळं लिहायचं, कर्ज वजा करायचं. दर बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्या आत. पुण्याचा फ्लॅटही लिहावा लागतो. त्यावर कर लागत नाही, पण दर ठरवताना तो धरतात. पहिल्या वर्षी मी लिहिला नव्हता. ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "भारतात काही नाही?" भारतीय माणसाचं भारतात काही नसेल यावर त्यांचा विश्वास बसेना. बरोबरच होतं त्यांचं.

या करातून सरकारला देशाच्या उत्पन्नाच्या साधारण एक टक्का मिळतो. जगात इतका कुठल्याच देशाला या करातून मिळत नाही. म्हणजे "वसूल होत नाही" हे काही सार्वत्रिक सत्य नाही.

आता दुसरी बाजू. इथे सामान्य गुंतवणूकदाराला शेअर विकून झालेल्या नफ्यावर काहीच कर नाही. शून्य. आणि बहुतेक कॅन्टनमध्ये आईबापांकडून मुलांना मिळणाऱ्या वारशावरही नाही. थोडक्यात, दर वर्षी एक चिमूट घेतात आणि मोठे दोन घास सोडून देतात. त्यामुळे संपत्ती इथेही मूठभरांच्याच हातात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जनमत झालं, ५० दशलक्ष फ्रँकच्या वरच्या वारशावर ५० टक्के कर लावायचा की नाही. ७८ टक्के लोकांनी नाही म्हटलं. माझ्या शेजारच्या सुताराने पण नाहीलाच मत दिलं. त्याच्याकडे ५० दशलक्ष नाहीत, पण त्याचा मालक दुसऱ्या देशात गेला तर काय, ही भीती होती.

आणि कॅन्टन बदलून राहायला जाणं तर इथे सर्रास. श्वीझ किंवा झुगसारख्या कमी कराच्या कॅन्टनमध्ये घर घ्यायचं, अर्ध्या तासाने झुरिकला ऑफिसात यायचं. दर बदलला की जाहीर केलेली संपत्ती किती बदलते यावर इथल्या संशोधकांनी अभ्यास केला आहे. फरक खूप मोठा पडतो, आणि त्यात फक्त माणसं हलणं नाही, तर कागदावर आकडे हलणं बरंच असतं.

----

गणोबा

सहमत.
कुणाशी ते अजून ठरवलं नाही.

----

खडूफळा

अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे लांबण लागणार. माफी आधीच.

इथे दोन विषमता एकत्र मिसळल्या जात आहेत. उत्पन्नाची आणि संपत्तीची. स्वीडनचंच उदाहरण घ्या. उत्पन्नाच्या बाबतीत तो जगातल्या समतेच्या देशांत मोडतो, संपत्तीच्या बाबतीत अजिबात नाही. कारण? एक म्हणजे वारसा आणि संपत्ती दोन्हींवरचे कर गेले. दुसरं कारण लोक विसरतात. जिथे म्हातारपणाचं पेन्शन, दवाखाना, पोरांचं कॉलेज सरकार बघतं, तिथे मध्यमवर्ग बचतच कमी करतो. त्याच्या नावावर संपत्ती दिसत नाही, पण त्याची झोप उडालेली नसते. त्यामुळे नुसत्या संपत्तीच्या वाट्यावरून "स्वीडन वाईट" म्हणणं घाईचं.

(अवांतर: स्वीडनचा वारसा कर १ जानेवारी २००५ पासून जाणार होता. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, त्यात पाचशेच्या वर स्वीडिश पर्यटक गेले. मग संसदेने तो मागल्या तारखेने, १७ डिसेंबरपासूनच रद्द केला. एरवी कर मागल्या तारखेने लागलेलेच आपण पाहतो.)

आता टक्क्यांचा हिशोब. २ टक्के संपत्ती कर ऐकायला किरकोळ वाटतो. ज्याची मालमत्ता वर्षाला १० टक्के कमावते त्याच्यासाठी तो उत्पन्नावरचा २० टक्के कर झाला. ज्याची ४ टक्केच कमावते, उदाहरणार्थ भाड्याने दिलेलं जुनं घर, त्याच्यासाठी ५० टक्के. म्हणजे हुशारीने किंवा नशिबाने जास्त परतावा मिळवणाऱ्याला तो हलका, आणि भाड्याच्या घरावर जगणाऱ्याला जड. याउलट नफ्यावरचा कर परताव्याप्रमाणे चालतो, पण त्याची पंचाईत वेगळीच आहे, तो विकल्यावरच लागतो. प्रवर्तकाने आपले शेअर कधी विकलेच नाहीत तर? शेअर वाढत राहतात, ते तारण ठेवून कर्ज काढायचं, कर्जावर जगायचं. कर्ज हे उत्पन्न नाही, त्यामुळे कर नाही. अमेरिकेत त्याचा शेवटचा अंक भारी आहे. माणूस गेला की वारसाला शेअर मिळतात ते त्या दिवशीच्या बाजारभावाने मिळाले असं धरतात. आयुष्यभराचा नफा कराच्या दृष्टीने कधी झालाच नाही!

इथे आपला कायदा अमेरिकेपेक्षा कडक आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. आपल्याकडे वारसाला मूळ मालकाचीच खरेदी किंमत लागू होते. आजोबांनी १० रुपयाला घेतलेला शेअर नातवाने विकला तर नफा १० रुपयांपासून मोजायचा, जानेवारी २०१८ पर्यंतच्या वाढीला दिलेली सवलत सोडून. फक्त अमेरिकेत मोठ्या इस्टेटीला ४० टक्के मृत्युकर आहे, आपल्याकडे तो नाही. तिथलीही सूट एका माणसामागे सव्वा कोटी डॉलरच्या वर गेलेली आहे, त्यामुळे कुणाला लागतो हे सांगायला नको.

शंकासूर, "भांडवलावर शून्य कर हाच दीर्घकाळात उत्तम" असं दाखवणारी गणितं १९८० च्या दशकात झाली होती, चॅमली आणि जड यांची. तुमचा मजुराचा मुद्दा तिथूनच येतो. पण त्याच मॉडेलमध्ये नंतर स्ट्राउब आणि वेर्निंग यांनी दाखवलं की निष्कर्ष तितका सरळ नाही, गृहीतकं थोडी बदलली की भांडवलावर चांगला घसघशीत कर बसतो. म्हणजे गणिताने कुणाचीच बाजू निकाली निघालेली नाही.

----

शंकासूर

खडूफळा सर, गणित मान्य. पण गणिताच्या बाहेर एक गोष्ट राहते. १९७३ चा ९७.७५ टक्के. शंभर रुपये जादा कमावले तर सव्वादोन रुपये घरी. अशा देशात शहाणा माणूस काय करेल? पांढऱ्यात कमावणारच नाही. वांछू समितीने १९७१ मध्येच सांगितलं होतं की हे दर काळ्या पैशाचं कारण आहेत, ७५ टक्क्यांवर आणा. म्हणून "त्या काळात विषमता कमी होती" असं जे आकडे सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. विषमता कमी नव्हती, ती गादीखाली होती.

----

रिकामटेकडी

वाचून झालं. शंकासूरांच्या या मुद्द्यावरच बोलायचं होतं.

मार्च २०२४ मध्ये जागतिक विषमता प्रयोगशाळेचा जो भारतावरचा निबंध आला (त्यात फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ पिकेटी होते म्हणून वर्तमानपत्रांनी उचलला), त्यात २०२२-२३ साठी वरच्या १ टक्क्याचा वाटा उत्पन्नात २२.६ टक्के आणि संपत्तीत ४०.१ टक्के दिला आहे. १९८० च्या सुरुवातीला उत्पन्नातला हाच वाटा ६ टक्क्यांच्या आसपास होता. आता हे आकडे येतात कुठून? वरच्या टोकाचे आयकराच्या आकडेवारीतून आणि श्रीमंतांच्या याद्यांमधून, खालचे नमुना पाहणीतून. १९८० च्या आयकराच्या आकडेवारीत काळा पैसा कसा असेल? नसणारच. त्यामुळे ६ वरून २२ ही उडी थोडी फसवी आहे हे मला पटतं.

पण उलटही बघा. आज श्रीमंताची संपत्ती सूचिबद्ध कंपनीच्या शेअरमध्ये आहे. ती गादीखाली नाही, रोज दुपारी साडेतीनला तिची किंमत जाहीर होते. काकूंच्या पाटल्यांना मूल्यांकक लागतो, शेअरला लागत नाही. म्हणजे ज्याची किंमत ठरवणं सर्वांत सोपं, त्यालाच १९९३ मध्ये सोडलं आणि ज्याची किंमत ठरवणं अवघड त्याला धरलं! वहीखातं, तुमच्या साहेबांनी "तू फॉर्म भर" म्हटलं ते उगाच नाही.

जर्मनीत तर मूल्यांकनावरच अख्खा कर बसला. घरं-जमिनी दशकांपूर्वीच्या जुन्या किमतींनी धरायचे, शेअर बाजारभावाने. १९९५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की हा दुजाभाव चालणार नाही. सरकारने नवं मूल्यांकन करण्याऐवजी १९९७ पासून वसुलीच थांबवली. कायदा अजून पुस्तकात आहे म्हणे, झोपलेला.

----

द्राक्षवेल

सगळे शेअरबद्दल बोलताय. महाराष्ट्रात गावाकडची संपत्ती म्हणजे जमीन. माझं तासगावकडे साडेतीन एकर द्राक्ष आहे, त्यामुळे माझ्याकडून जरा उलटं ऐका.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. एक अवकाळी पाऊस आला की माझ्यासारख्याचं उत्पन्नच राहत नाही, त्यामुळे मला तो लागला असता तरी शून्यच. फायदा घेतात ते शहरातले 'शेतकरी', ज्यांचं एका एकरात कोटीचं डाळिंब पिकतं. कागदावर. १९७२ मध्ये के. एन. राज समितीने सांगितलं होतं की धारण जमिनीवर कर लावा. कुठलंही सरकार त्याला हात लावायला धजलं नाही. लावणारही नाही.

आणि खरी कमाई पिकात नाही, विक्रीत आहे. शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही. दहा लाखांच्या वर लोकसंख्या असेल तर ८ किलोमीटर, एक ते दहा लाखांना ६, त्याखाली २. आणि हे अंतर रस्त्याने नाही, कावळा उडतो तसं मोजायचं. माझ्या मेहुण्याची जमीन पुण्याजवळ. ८.३ किलोमीटरवर. त्याच्या बांधालगतच्या माणसाची ७.९ वर. एकाच वर्षी, एकाच बिल्डरला विकली. एकाला लाखांनी कर, दुसऱ्याला शून्य. कर सल्लागाराने नकाशा काढून मोजून दिलं तेव्हा मेहुण्याने पेढे वाटले. मेहनत दोघांनी सारखीच केली होती, म्हणजे काहीच नाही. शहर चालत त्यांच्याकडे आलं.

शंकासूर, जमिनीला पाय नसतात बरं का. ती लुगानोला जात नाही.

----

शंकासूर

द्राक्षवेल, हा टोला मान्य. जमिनीच्या वाढलेल्या किमतीवर कर लावायला माझी हरकत नाही. लावून दाखवा मात्र.

----

तिरफळ

गोव्याहून नमस्कार. विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही, पण भांडवलाच्या उत्पन्नावरून आठवलं. आमच्याकडे पोर्तुगीज दिवाणी कायद्यामुळे नवराबायकोची मालमत्ता समाईक असते. म्हणून आयकर कायद्यात खास कलम आहे. पगार सोडून बाकीचं सगळं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, भांडवली नफा, नवराबायकोत निम्मंनिम्मं विभागून दोघांच्या विवरणपत्रात दाखवायचं. तुमच्या घाटावर असं नाही.

म्हणजे पगाराने जगणाऱ्या गोंयकाराला काही फायदा नाही, आणि मिरामारला दोन फ्लॅट भाड्याने देणाऱ्याला खालचा टप्पा दोनदा मिळतो. विषमता कमी झाली की वाढली? घरात बायकोच्या नावावर अर्धं उत्पन्न आलं, ही समता. घराबाहेरच्यांशी तुलना केली तर उलट. मी अजून ठरवू शकलो नाही.

----

वहीखातं

तिरफळ, फार छान मुद्दा. आमच्या घाटावर ते काम 'हिंदू अविभक्त कुटुंब' करतं. एचयूएफचं वेगळं पॅन काढायचं, वडिलोपार्जित उत्पन्न तिथे टाकायचं, की सुटीचा टप्पा आणखी एकदा. पूर्वी लोक एचयूएफची अर्धवट वाटणी करून एका कुटुंबाची तीन-चार करायचे. १९७८ च्या अखेरीनंतरची अर्धवट वाटणी कायदा मानत नाही, त्यामुळे ते दुकान बंद झालं. पगारदाराला यातलं काहीही जमत नाही, त्याचा कर महिना संपायच्या आत कापलेला असतो.

आजचे दर शेजारी शेजारी ठेवून पाहा. नव्या पद्धतीत पगार २४ लाखांच्या वर गेला की ३० टक्के, आणि अगदी वरच्या टोकाला अधिभार-उपकर धरून ३९. शेअरवरचा दीर्घकालीन नफा जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के, अधिभारावर मर्यादा असल्याने कितीही कोटींचा असला तरी १४.९५ च्या वर जात नाही. पगारदाराच्या एका रुपयाला आणि भांडवलदाराच्या एका रुपयाला इतका फरक. अर्थात कंपनीने नफ्यावर आधीच कर भरलेला असतो, हे शंकासूर लगेच म्हणतील, आणि ते खरंच आहे. म्हणून मी तुलना ३९ विरुद्ध १५ अशी सरळ करणार नाही. पण २०१९ मध्ये कंपन्यांचा दर ३० वरून २२ झाला, तेही विसरू नये.

----

संपादक मंडळ

२०२४ च्या निवडणुकीतल्या वारसा कराच्या वादावरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. पक्ष कुठलाही असो, इथे कराबद्दल बोला, पुढाऱ्यांबद्दल नको.

----

खडूफळा

पळून जाण्याच्या मुद्द्यावर थोडं राहिलं होतं.

माणूस पळणं आणि पैसा लपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ मध्ये स्कँडिनेव्हियातला एक अभ्यास आला, पनामा पेपर्ससारख्या फुटलेल्या कागदांना तिथल्या कर विभागाच्या नोंदींशी जुळवून. सरासरी माणूस कराचा ३ टक्के चुकवतो, आणि वरचे ०.०१ टक्के, म्हणजे दहा हजारांत एक, साधारण २५ टक्के. कारण सरळ आहे. पगारदाराची माहिती मालक कळवतो, आणि गुप्त खात्यांची दारंच फक्त मोठ्यांना उघडी.

पण हे बदललंही आहे. २०१७ पासून शंभराच्या आसपास देश एकमेकांना बँक खात्यांची माहिती आपोआप कळवतात, भारतही त्यात आहे. परदेशात लपवलेल्या पैशावरची चोरी दहा वर्षांच्या आत जवळजवळ एक तृतीयांशावर आल्याचा अंदाज आहे. "हे थांबवणं अशक्य" असं लोक वीस वर्षं म्हणत होते. आपल्याकडेही मॉरिशसचा रस्ता बघा. तिथल्या पत्त्यावर कंपनी काढायची, भारतातले शेअर घ्यायचे-विकायचे, नफ्यावर कर इथेही नाही, तिथेही नाही. २०१६ मध्ये करार बदलला आणि एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरवर कर लागू झाला. शेअर बाजार बुडेल असं तेव्हा सगळे म्हणत होते. बुडाला का? त्यानंतरचा निर्देशांक तुम्हीच बघा.

नॉर्वेबद्दल मात्र शंकासूरांचा एक मुद्दा मी त्यांच्या वतीने मांडतो, त्यांनी मांडला नाही म्हणून. तिथला कर देशात राहणाऱ्या मालकाला लागतो, परदेशी मालकाला नाही. एकाच कंपनीचे दोन भागीदार, एक ओस्लोत, एक लंडनमध्ये. ओस्लोवाल्याला कर भरण्यासाठी दर वर्षी कंपनीतून लाभांश उचलावा लागतो. हा खरा दोष आहे, नुसती रडारड नाही.

----

रिकामटेकडी

त्यावरच तोडगा म्हणून २०२४ मध्ये ब्राझील जी-२० चा अध्यक्ष असताना फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ गॅब्रिएल झुकमननी अहवाल दिला होता ना? जगातल्या अब्जाधीशांनी, साधारण ३,००० माणसं, दर वर्षी निदान संपत्तीच्या २ टक्क्यांइतका कर भरलाच पाहिजे. आयकर धरून तेवढा होत असेल तर जादा काही नाही. अंदाज २०० ते २५० अब्ज डॉलरचा. सगळ्यांनी एकत्र लावला की पळायला जागा नाही अशी कल्पना. रिओत जी-२० ने जाहीरनाम्यात दोन गोड वाक्यं घातली आणि विषय संपला.

मग फ्रान्सने एकट्याने करून बघितलं. १० कोटी युरोच्या वरच्यांसाठी २ टक्के. फेब्रुवारी २०२५ मध्ये खालच्या सभागृहात मंजूर, जूनमध्ये सेनेटने फेटाळलं, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस अर्थसंकल्पात पुन्हा आणलं तेव्हा खालच्या सभागृहानेच पाडलं. कंपन्यांवरच्या १५ टक्के किमान कराचंही तसंच. २०२१ मध्ये १३० च्या वर देशांनी होकार दिला, २०२५ मध्ये जी-७ ने अमेरिकी कंपन्यांना बाजूला काढायचं मान्य केलं. खडूफळा सर म्हणतात तशी माहितीची देवाणघेवाण जमली, कारण त्यात कुणाला पैसे द्यायचे नव्हते.

----

आल्प्सपार

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

----

वहीखातं

एक राहिलं. आपल्याकडे संपत्ती कर गेला असं मीच वर लिहिलं, पण एक उरलाय, घरपट्टी. मालमत्तेवर, दर वर्षी, विकली नाही तरी. मुंबईत तर २०१० पासून ती भांडवली मूल्यावर आहे. मग २०२२ मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना ती माफ केली. चाळीतल्या, म्हाडातल्या माणसाला दिलासा, ठीकच. पण सूट क्षेत्रफळावर आहे, किमतीवर नाही. दक्षिण मुंबईतलं ४८० फुटांचं घर आणि बोरिवलीच्या टोकाचं ४८० फुटांचं घर, दोन्ही माफ. शिवाय मालकाची अशी किती घरं आहेत हा प्रश्नच त्यात येत नाही. पुन्हा तेच, कुणाला सोडलं ते बघा.

----

गणोबा

थोडं अवांतर, रागवू नका. वडील गेले २०२१ मध्ये. ट्रंक उघडली तर १९९४ चे एका कंपनीचे कागदी शेअर निघाले, शंभर. आता किंमत बरीच आहे. विकले तर नफा १९९४ च्या भावापासून मोजायचा का? खडूफळा सरांनी आजोबांच्या दहा रुपयांचं लिहिलं ते वाचून पोटात गोळा आला.

----

वहीखातं

गणोबा, गोळा येऊ देऊ नका. किंमत वडिलांचीच धरायची हे खरं, पण शेअर ३१ जानेवारी २०१८ ला बाजारात सूचिबद्ध असतील तर त्या दिवशीचा सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून घेता येतो (विक्रीचा भाव त्याहून कमी आला तर विक्रीचा). त्यामुळे आधीच्या चोवीस वर्षांची वाढ सुटली. त्यानंतरचा जो नफा, त्यातले वर्षाला सव्वा लाख सुटे, वरच्यावर साडेबारा टक्के.

तुमची अडचण कर नाही, कागद आहे. कागदी शेअर आता तसेच विकता येत नाहीत. आधी वारसनोंद, मग डीमॅट. आणि लाभांश सलग सात वर्षं कुणी उचलला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे, आयईपीएफकडे, गेले असण्याची शक्यता आहे. तिथून परत मिळतात, अर्ज वेगळा. प्रमाणपत्राच्या मागे हस्तांतराचे शिक्के आहेत का ते बघा, आणि वडिलांचं नाव आधारवर आणि शेअरवर सारखंच आहे ना ते तपासा. आद्याक्षरांत फरक असेल तर प्रतिज्ञापत्र लागेल.

----

गणोबा

शेअरवर 'गणपत', आधारवर 'गणपतराव'.

----

वहीखातं

लागणार मग. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.